मराठी येत नाही, की बोलणंच अडतंय?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात शाळेची भाषा एक आणि घरच्या भाषा अनेक. जंगलाला लागून असलेल्या टोल्यांवर माडिया आणि गोंडी बोलली जाते. १९६०च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांचं तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात पुनर्वसन झालं. त्यांच्या सुंदरनगरसारख्या गावांत आजही अंगणात, शेतात आणि चुलीपाशी बंगालीच चालते. अहेरीच्या बाजूला सरकलं की तेलुगूही कानावर पडते. या सगळ्या घरांतली मुलं सहाव्या वर्षी पहिलीत येऊन बसतात, तेव्हा फळ्यावर मराठी असते, पुस्तकात मराठी असते आणि गुरुजी किंवा बाई बहुधा मराठीतूनच बोलतात.

साहजिकच शाळा उघडल्यावर पहिले काही आठवडे असे वर्ग शांत असतात. मुलं ऐकतात, एकमेकांकडे बघतात, शेजारच्याचं पाहून वही उघडतात. हळूहळू एकेक मूल बोलायला लागतं. काही मुलं मात्र दिवाळीची सुट्टी संपली तरी गप्पच राहतात. ‘त्याला मराठी येत नाही,’ एवढ्यावर वर्ष निघून जातं आणि दुसरीतही तेच होतं. या मुलांतल्या एखाद्याला कमी ऐकू येत असतं. एखाद्याच्या टाळूत जन्मापासून फट असते. एखादी मुलगी बोलताना अडखळते आणि हसं होईल या भीतीने तोंडच उघडत नाही. एखाद्याला शिकवलेले शब्द टिकवणं आणि त्यांची वाक्यं जुळवणं जड जातं. घरच्या भाषेतही त्याची तीच अडचण असते, पण तिथे ती कुणी विचारलेली नसते.

अनेक भाषांच्या तालुक्यात ही गफलत दोन्ही बाजूंनी होते. ज्याला खरोखर मदत हवी ते मूल ‘भाषा नवी आहे’ या कारणाखाली सुटून जातं, आणि ज्याला फक्त मराठी नवी आहे ते चांगलं हुशार मूल ‘मंद’ ठरतं. यातून वाट काढायची तर शिक्षकाने, आरोग्य पथकाने आणि तज्ज्ञाने सर्वांत आधी मुलाच्या घरच्या भाषेकडे जायला हवं. मदतही तिथूनच सुरू व्हायला हवी.

अडचणी एकसारख्या नसतात

बोलण्याच्या अडचणी आपण सरसकट ‘बोबडं’ किंवा ‘तोतरं’ या दोन शब्दांत बसवतो. प्रत्यक्षात त्यांचे प्रकार वेगळे आहेत आणि उपायही वेगळे.

पहिला प्रकार उच्चारांचा. भाषा कळते, वाक्य बरोबर जुळतं, पण काही ध्वनी नीट निघत नाहीत. दुसरा प्रकार ओघाचा. काय बोलायचं ते ठाऊक असतं, पण शब्दाच्या सुरुवातीलाच अडतं किंवा तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो. तिसरा प्रकार आवाजाचा, म्हणजे घोगरेपणा किंवा गेंगाणेपणा. चौथा प्रकार भाषेचा, आणि तो सर्वांत कमी ओळखला जातो. यात उच्चार स्पष्ट असू शकतात, मूल खेळात चपळ असतं, हिशेबात पक्कं असतं. पण लांब सूचना त्याला कळत नाही, नवे शब्द टिकत नाहीत, घडलेली गोष्ट क्रमाने सांगता येत नाही. ऐकणं ठीक, मेंदूला इजा नाही, तरीही भाषा कमी पडते, अशा अवस्थेला आता ‘विकासात्मक भाषा विकार’ म्हणतात. अमेरिकेत १९९७मध्ये आणि इंग्लंडमध्ये २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपैकी सात टक्क्यांच्या वर मुलांत तो आढळला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन.

याशिवाय बहिरेपणा, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता यांच्याबरोबर येणाऱ्या संवादाच्या अडचणी आहेतच.

भाषा कोणतीही असो, मुलाची वाटचाल साधारण सारखी असते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांची जोडणी, तीन वर्षांपर्यंत छोटी वाक्यं आणि चौथ्या वर्षी परक्या माणसालाही बरंचसं कळेल असं बोलणं. हे टप्पे माडिया, बंगाली, तेलुगू किंवा मराठी कोणत्याही घरात तपासता येतात. दोन वर्षांचं मूल एकही शब्द बोलत नसेल तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ म्हणून थांबू नये. जिभेला वेखंड लावून किंवा जीभ ‘हलकी’ होण्याची वाट बघून जे महिने जातात, ते भाषा शिकण्याचे सर्वांत मोलाचे महिने असतात.

घरची भाषा हीच कसोटी

समजा, सुंदरनगरकडच्या एखाद्या शाळेत पहिलीतला मुलगा चित्रातल्या वाघाला ‘बाघ’ म्हणतो, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो आणि ‘केळं’ म्हणताना ‘ळ’च्या जागी ‘ल’ काढतो. हा उच्चारदोष समजायचा का? अजिबात नाही. बंगालीत वाघाला बाघच म्हणतात. मराठीसारखा ‘व’ तिथे नाही, ‘ण’ बोलण्यात ‘न’ होतो आणि ‘ळ’ हा ध्वनीच नाही. तोच मुलगा ‘आई आला’ म्हणाला, तरी त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण बंगालीत क्रियापद स्त्री-पुरुष पाहून बदलत नाही. गोंडी-माडिया घरातल्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. तिथे नामांचे दोनच गट: एकात पुरुष, दुसऱ्यात बाकी सारं. मराठीतली तीन लिंगं त्याला नव्यानेच शिकावी लागतात. या चुकांना त्या मुलांच्या भाषेचं व्याकरण आहे. सवयीने आणि सरावाने त्या कमी होतात.

आता दुसरा मुलगा घेऊ. तोही ‘बाघ’च म्हणतो. पण त्याच्या आजीला विचारलं तर ती सांगते, की हा बंगालीतही दोन-दोन शब्दच बोलतो, त्याच्या धाकट्या बहिणीचं बोलणं त्याच्यापुढे गेलंय, दुकानातून दोन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच आणतो. इथे थांबून बघायला हवं. नवी भाषा शिकण्यामुळे नव्या भाषेत अडचण येते. घरच्या भाषेतही अडचण असेल, तर तिचं कारण दुसरीकडे शोधायचं.

म्हणून पालकांना विचारायचे प्रश्न साधे असतात. पहिला शब्द केव्हा आला? घरच्या भाषेत त्याचं बोलणं शेजाऱ्यांना कळतं का? त्याच्या वयाच्या भावंडांच्या, चुलत-मामेभावंडांच्या तुलनेत कसं आहे? दिवसभर काय केलं ते सांगतो का? मागून हाक मारली तर वळतो का? आईवडिलांना स्वतःच्या मुलाबद्दल शंका आली असेल, तर ती गांभीर्याने ऐकायची. हे प्रश्न मराठीतून विचारून चालणार नाही. मराठीत बुजलेली आई ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळी होते. अंगणवाडी सेविका, आशा ताई, शाळेतला मोठा भाऊ, गावातली कुणी शिकलेली मुलगी अशा मधल्या माणसाची इथे गरज लागते. आश्रमशाळेत तर मूल घरापासून दूर असतं. तिथे स्वयंपाकघरात किंवा वसतिगृहात काम करणाऱ्या, त्याच भागातल्या माणसांना मुलाची भाषा येत असते. ताटावर बसलेलं मूल त्यांच्याशी कसं बोलतं, हे त्यांनी सांगितलं तर चाचणीच्या तक्त्यापेक्षा जास्त कळतं.

शिक्षकाला स्वतःला करता येईल अशी आणखी एक पद्धत तज्ज्ञ वापरतात: आधी पाहा, मग शिकवा, मग पुन्हा पाहा. मुलाला आज किती मराठी येतं हे मोजण्याऐवजी ते किती लवकर शिकतं हे बघायचं. समजा, त्याला ठाऊक नसलेले चार शब्द निवडले. वस्तू हातात देऊन, खेळात, गाण्यात, रोज थोडा वेळ ते वापरले. आठवड्याने पाहिलं तर मराठी नवी असलेलं मूल त्यातले बहुतेक शब्द पटकन उचलतं आणि वेगळ्या प्रसंगी वापरतंही. भाषेचीच अडचण असलेल्या मुलाला इतकी मदत मिळूनही शब्द निसटत राहतात. प्रमाण मराठीत तयार झालेली चाचणी माडिया मुलावर वापरून गुण काढण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी न्याय्य आहे.

इथे एक गैरसमज ठामपणे दूर करायला हवा. मूल उशिरा बोलायला लागलं की पालकांना सांगितलं जातं, ‘घरी मराठीच बोला, दोन भाषांनी ते गोंधळतंय.’ दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही. ज्या मुलाला भाषाविकार आहे, तेही दोन भाषा शिकू शकतं. हा सल्ला पाळायचा म्हणून आई स्वतःला नीट न येणाऱ्या मराठीत चार तुटक वाक्यं बोलते आणि गोष्टी, अंगाई, रागावणं, समजावणं हे सारं बंद पडतं. ज्या मुलाला भाषा जास्त मिळायला हवी, त्याचीच भाषा आटते.

आधी कान तपासा

मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी कानाची. हा नियम जगभर पाळला जातो. बहिरेपणा दरवेळी पूर्ण नसतो, म्हणूनच तो लपतो. सर्दी, नाकामागची वाढलेली गाठ, वाहता कान यांमुळे पडद्यामागे पाणी किंवा पू साठतो आणि मुलाला कानात कापूस कोंबल्यासारखं ऐकू येतं. मोठ्याने मारलेली हाक कळते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी आणि शब्दांची शेवटची अक्षरं सुटतात. मराठीत तर शेवटच्या अक्षरातच अर्धं व्याकरण असतं: गेला, गेली, गेले, गेलो. ते ऐकूच आलं नाही तर शिकणार कसं? आज चांगलं ऐकू येतं, पुढच्या महिन्यात कमी, असा चढउतार चालू असतो आणि मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. वाहत्या कानात तेल घालणं हा घरोघरी चालणारा उपाय धोक्याचा आहे. कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

गडचिरोलीत आणखी एक कारण विसरता येत नाही. महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वांत मोठा भार या जिल्ह्याने सोसला आहे. केनियातल्या किलिफी भागात झालेल्या अभ्यासांत दिसलं, की मेंदूपर्यंत गेलेल्या मलेरियातून वाचलेल्या काही मुलांमध्ये पुढे कित्येक वर्षं वाचा आणि भाषेच्या अडचणी राहतात. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाने ऐकणं जाऊ शकतं. म्हणून तापात झटके आलेल्या किंवा बेशुद्ध झालेल्या मुलाचा कान आणि बोलणं बरं झाल्यावरही तपासायला हवं. ‘तापाआधी बोलत होता’ असं आई सांगते, तेव्हा ती निदानाची पहिली ओळच सांगत असते.

वर्गात करता येण्याजोगी एक छोटी पाहणी आहे. बोललेलं सगळं ऐकू येण्यासाठी ज्या पट्ट्यातले आवाज कानाला कळावे लागतात, तो पट्टा सहा ध्वनींत सामावतो: आ, ई, ऊ, म, श आणि स. श्रवणतज्ज्ञ हे सहा ध्वनी नेहमी वापरतात. शांत खोलीत मुलाला समोर बसवायचं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर वही धरायची, नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढायचा आणि मुलाने तो परत म्हणायचा. क्रम दरवेळी बदलायचा आणि मध्येच थोडं थांबायचं, म्हणजे मूल अंदाजाने बोलणार नाही. ‘म’ किंवा ‘ऊ’ कळला पण ‘स’, ‘श’ सुटले, तर उंच पट्टीतलं ऐकणं कमी असल्याची शंका घ्यावी. हे निदान नव्हे. पण पुढे पाठवण्यासाठी चिठ्ठीवर लिहायला ठोस कारण मिळतं. नेमकं मोजमाप श्रवणमापन यंत्रावर होतं आणि तान्ह्या बाळांसाठी वेगळ्या तपासण्या आहेत. जन्मानंतर महिन्याभरात चाळणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांच्या आत मदत सुरू, असं वेळापत्रक जगभर मानलं जातं.

ज्या बाळाला खूपच कमी ऐकू येतं, त्याला श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट लवकर मिळायला हवं. खुणांची भाषाही लवकर मिळायला हवी. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी २०१५मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात मूकबधिर मुलांची शाळा आहे. पण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत कोणतीच भाषा न मिळालेलं मूल शाळेत आणलं, तर मधल्या काळाचं नुकसान भरून काढणं फार कठीण जातं.

टाळू आणि अडखळणं

जगात साधारण सातशे जन्मांत एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. ओठ दिसतो, म्हणून त्यावर शस्त्रक्रिया होते. टाळूची फट तोंड उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. दूध नाकातून येणं ही तिची मोठी खूण. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या आसपास आणि टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांत करतात, म्हणजे बोलणं रुजायच्या आधी. फट उघडी राहिली तर प, ब, ट, ड, क, ग यांसाठी तोंडात हवेचा दाब साठत नाही. हवा नाकातून निसटते आणि बोलणं गेंगाणं होतं. मग मूल घशातून किंवा त्याहून खालून पर्यायी आवाज काढायला शिकतं. शस्त्रक्रियेनंतरही ही सवय आपोआप जात नाही, त्यासाठी वाचा-उपचार लागतात. शिबिरात शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या मुलाला पुढचे उपचार शाळेजवळ मिळाले नाहीत, तर चेहरा सुधारतो आणि बोलणं तसंच राहतं.

अडखळण्याबद्दल उलट, दिलासा देण्याजोगं बरंच आहे. साधारण पाच टक्के मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात, बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान. त्यातली बरीच पुढे सुरळीत बोलू लागतात. मोठेपणी ते सुमारे एक टक्का लोकांत राहतं. हा भित्रेपणा नव्हे, बुद्धीचा दोषही नव्हे. त्याला मोठा आनुवंशिक आधार आहे. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा म्हण’ अशा सूचनांनी ताण वाढतो. मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नये, ते काय म्हणतंय त्याकडे लक्ष द्यावं, आपलं बोलणं सावकाश ठेवावं.

आपल्या शाळांतला परिपाठ या मुलांना फार जड जातो. सगळ्या शाळेसमोर सुविचार किंवा बातमी वाचायची असते. इथे एक उपयोगी गोष्ट अशी, की दुसऱ्याबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणं खूप कमी होतं. म्हणून अशा मुलाला परिपाठातून वगळू नये आणि एकट्याला ढकलूही नये. दोघांनी मिळून बातमी वाचावी. पुढे मूल म्हणेल तेव्हा एकट्याने.

कागदावर काय आहे

कायदा आणि योजना यांची बाजू आपल्याकडे कमकुवत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात श्रवणदोष, वाचा व भाषा दिव्यांगत्व, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सारे आहेत. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून दिव्यांग मुलं शोधायची, हेही त्यात सांगितलं आहे. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात.

आरोग्याच्या बाजूने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये त्याची देशातली सुरुवात महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतात. तपासायच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू, बहिरेपणा, वाहता कान आणि भाषेचा विलंब हे सगळं येतं. पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात श्रवण व वाचा तज्ज्ञ अपेक्षित असतो.

मग मुलं सुटतात कुठे? पहिली जागा तपासणीचा दिवस. पथकाकडे एका मुलासाठी काही मिनिटं असतात, डॉक्टर परके असतात, बोलणं मराठीत होतं आणि गप्प मूल लाजाळू समजलं जातं. शिक्षकाने आधीच ‘या तिघांचा कान आणि बोलणं नीट बघा’ अशी यादी कारणांसह हातात दिली, तर तीच काही मिनिटं कारणी लागतात. दुसरी जागा कायद्याची व्याख्या. २०१६च्या कायद्यातलं वाचा व भाषा दिव्यांगत्व म्हणजे स्वरयंत्र काढून टाकणं किंवा मेंदूच्या इजेने वाचा जाणं अशा शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेलं कायमचं दिव्यांगत्व. अडखळणारं मूल किंवा कारण न दिसणारा भाषाविकार असलेलं मूल या चौकटीत सहज बसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून मदत नाही, असं चक्र सुरू होतं. शाळेच्या मदतीसाठी मुलाची गरज हा आधार पुरेसा मानला पाहिजे. तिसरी जागा अंतर. मुलचेऱ्याहून गडचिरोलीला आणि तिथून नागपूरला जाणं म्हणजे मजुरी बुडवून केलेला प्रवास. वाचा-उपचार एका भेटीत होत नाहीत, ते आठवड्यामागून आठवडे चालतात. रोवणीच्या किंवा तेंदूपानाच्या हंगामात कोणतं कुटुंब तेवढं जाऊ शकेल?

अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५च्या कायद्यानंतर हा प्रश्न तज्ज्ञांना शाळेत आणून सोडवला गेला. आज तिथले निम्म्याहून अधिक वाचा-भाषा तज्ज्ञ शाळांमध्येच काम करतात. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा पालक, शिक्षक आणि तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. आपल्याकडे या विषयाची पदवी चार वर्षांची आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५पासून आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३पासून तज्ज्ञ घडवत आली आहे. पण हे तज्ज्ञ बहुतेक शहरांत राहतात. प्रत्येक केंद्रशाळेला एक तज्ज्ञ मिळेपर्यंत मुलांनी थांबावं, असं म्हणता येणार नाही.

वर्गात आणि घरात करायचं काम

भाषेच्या उपचारांचा मोठा भाग रोजच्या बोलण्यातच होतो. मूल चित्र पाहून ‘बैल जा’ म्हणालं, तर ‘असं नाही, नीट बोल’ म्हणायचं नाही. ‘हो, बैल गेला. बैल शेतात गेला,’ असं म्हणायचं. त्याचंच वाक्य दुरुस्त करून, एक पाऊल पुढे नेऊन त्याला परत द्यायचं. ‘हे काय? ते काय?’ अशी सतत परीक्षा घेण्यापेक्षा आपण करतोय ते बोलून दाखवायचं: मोह वेचतोय, टोपली भरली, टोपली जड झाली. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. बहुतेक मोठी माणसं दोन सेकंदांतच उत्तर स्वतः देऊन टाकतात. सूचना तोडून द्यायची. आधी ‘वही काढ,’ ती निघाल्यावर ‘पान उघड.’ पुढचा धडा शिकवण्याआधी त्यातले पाच-सहा शब्द वस्तू किंवा चित्र दाखवून पक्के करायचे. हे उपाय मराठी नवी असलेल्या मुलालाही तितकेच उपयोगी पडतात, म्हणजे वर्गात कुणाचंच नुकसान होत नाही.

ज्या मुलाला बोलता येणं फार अवघड आहे, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, त्याला चित्रफलक द्यायचा. पुठ्ठ्यावर पाणी, भात, शौचास, दुखतंय, नको, आई, खेळ अशी त्याच्या रोजच्या जगातली चित्रं, आणि बोट किंवा नजर हे त्याचं साधन. मुंबईच्या आयआयटीने तयार केलेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीसह अनेक भारतीय भाषांत हेच काम मोबाइलवर करतं. चित्रं वापरली तर मूल बोलायचं सोडून देईल, अशी पालकांना भीती वाटते. अनुभव उलट आहे. सांगितलेलं समजतंय हे कळलं की मुलाचा बोलण्याचा प्रयत्न टिकून राहतो.

गडचिरोलीने आधीच दाखवलेला मार्ग

तज्ज्ञ दूर असताना काम गावातल्या माणसांनी करायचं, ही कल्पना याच जिल्ह्यात सिद्ध झाली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत थोडंच शिकलेल्या गावच्या बायांना नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं प्रशिक्षण दिलं. बाळाचं वजन, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणं हे सारं त्या घरी जाऊन तपासत आणि उपचार करत. या गावांतला नवजात बालमृत्युदर हजारी ६२वरून सुमारे २५वर आला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या आशांचं नवजात काळजीचं काम त्यावरच उभं राहिलं. रुग्णालयाशिवाय अशक्य मानलेलं काम प्रशिक्षण, साधी साधनं आणि नियमित देखरेख यांच्या जोरावर गावात झालं.

बोलण्याच्या अडचणींसाठीही हीच रचना हवी, आणि तिचे बरेचसे भाग तालुक्यात आहेतच. आशा ताई बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून सव्वा वर्षाचं होईपर्यंत घरी जातातच. त्याच भेटीत बोलण्याच्या टप्प्यांचे प्रश्न घरच्या भाषेत विचारता येतील. अंगणवाडीतून मूल पहिलीत जाताना ती माहिती शाळेला मिळावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून निदान दोनदा हा विषय घ्यावा, शिक्षकांनी सहा ध्वनींची पाहणी एकमेकांवर करून शिकावी. तज्ज्ञाने सुरुवातीला मुलाला प्रत्यक्ष तपासावं, दोन-तीन नेमकी उद्दिष्टं ठरवून द्यावीत आणि पुढे व्हिडिओवरून शिक्षकाशी व आईशी बोलत राहावं. जिथे नेटवर्क मिळत नाही, तिथे तालुक्याला गट साधन केंद्रात ठरलेल्या दिवशी बसावं. माडिया, गोंडी, बंगाली आणि तेलुगू जाणणारी दोन-चार तरुण माणसं या कामासाठी मानधनावर नेमावीत. आदिवासी भागांतल्या स्वशासनाचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत ग्रामपंचायतीकडे येणारा अबंध निधी शिक्षण आणि आरोग्यासाठी वापरता येतो. ग्रामसभेने ठरवलं तर त्यातून प्रवासखर्चही निघू शकतो.

यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती एक नोंद. पहिलीत नाव घालताना आपण जन्मतारीख, जात, आधार क्रमांक विचारतो. त्याच पानावर घरची भाषा कोणती, त्या भाषेत मूल कसं बोलतं आणि मागून मारलेली हाक त्याला ऐकू येते का, हे तीन प्रश्न मुलचेरा तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने विचारावेत. ज्या मुलाचं उत्तर काळजीचं असेल, त्याचा कान महिन्याभरात तपासला जाईल, ही जबाबदारी मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी नावानिशी घ्यावी.